शाब्दिक प्रक्षोभ आणि क्रीडांगणावरील प्रहार

ता. ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथील ऑलिंपिक स्टेडियमवर फ्रान्स व इटली यांच्यामध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. ७ व्या मिनिटास फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदान याने पेनल्टीवर गोल केला. १९ व्या मिनिटास इटलीचा बचावपटू मार्को मातेराझी याने बरोबरी साधली. नियमित वेळेत निकाल न लागल्याने जादा वेळ खेळविण्यात आला. त्यात ११० व्या मिनिटास, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या भागात असताना, या दोघांत काही बोलाचाली झाली. झिदान मातेराझीला मागे टाकून काही पावले पुढे गेला, वळला, आणि त्याने मातेराझीच्या छातीवर डोक्याने धडक मारली. अर्जेंटिनाचे पंच ओरासिओ एलिझोंदो यांच्या नजरेस ती पडली नव्हती. चौथे पंच लुईस मेदिना कान्तालेहो यांच्याकडून कळल्यावर त्यांनी झिदानला लाल कार्ड दाखविले. पुढे पेनल्टींवर इटलीने ५–३ असा विजय मिळविला. झिदानच्या व्यावसायिक कारकिर्दीतील हा अखेरचा सामना होय.

या प्रसंगाकडे एका थोर खेळाडूची शोकांतिका म्हणून पाहण्याचा मोह अनावर असतो. तथापि त्यात दंडनीतीचा एक जुना प्रश्न अनुस्यूत आहे. मातेराझीने झिदानच्या बहिणीविषयी अभद्र उद्गार काढले होते, हे त्याने स्वतःच पुढे मान्य केले. शब्दाने केलेला अपमान हा शरीरावरील प्रहाराला निमित्त ठरू शकेल काय? आणि ठरला, तर तो प्रहार करणाऱ्याच्या दोषाचे निवारण होते, की केवळ दोषाची तीव्रता घटते?

येथे तीन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. कृत्य योग्यच होते असे म्हणणे हे समर्थन होय. कृत्य अयोग्य होते, परंतु कर्त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही, असे म्हणणे ही क्षम्यता. आणि कृत्य अयोग्य, कर्ता दोषी, मात्र परिस्थिती पाहता शिक्षा सौम्य असावी, ही तिसरी भूमिका. समर्थन व क्षम्यता यांतील भेदाकडे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. प्रक्षोभाच्या चर्चेत तो भेद विशेष उपयोगी पडतो, कारण या बचावाचे स्वरूपच दुटप्पी आहे. ‘त्याने तसे म्हटले म्हणून मी मारले’ या वाक्यात ‘माझा तोल गेला’ ही कबुलीही असते आणि ‘त्याला ते मिळायलाच हवे होते’ हा दावाही असतो.

झिदानने १२ जुलै २००६ रोजी दूरचित्रवाणीवर जे निवेदन केले त्यात हे दुटपीपण स्पष्ट दिसते. सामना पाहणाऱ्या मुलांची त्याने क्षमा मागितली. परंतु कृत्याचा पश्चात्ताप व्यक्त करण्यास नकार दिला. पश्चात्ताप म्हणजे समोरच्याने जे म्हटले ते योग्य होते असे मान्य करणे, असा त्याचा आशय होता. या विधानामागील वेदना खरी असेल, पण त्यातील तर्क टिकणारा नाही. अपमानाचा दोष व प्रहाराचा दोष ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जाणारच, असे त्यात गृहीत धरले आहे. वस्तुतः दोन्ही कृत्ये एकाच वेळी पूर्णतः निंद्य असू शकतात, आणि बहुधा असतात.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांना हे पुरते ठाऊक होते. वाक्पारुष्य व दंडपारुष्य हे दोन अपराध कौटिल्याने स्वतंत्र प्रकरणांत हाताळले. नारदाने दोहोंचा विचार एकाच व्यवहारपदाखाली केला, आणि तसे करताना आगळीक प्रथम कोणाची या प्रश्नाला महत्त्व दिले. प्रथम आगळीक करणारा दोषी खरा. प्रत्युत्तर देणाराही निर्दोष नव्हे. मात्र अधिक दंड पहिल्यालाच, असा त्याचा निर्णय आहे. दुसरा पूर्णपणे सुटतो असे नारद म्हणत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आधुनिक कायद्याने शब्दांना हे स्थान सहजासहजी दिले नाही. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४६ साली होम्स खटल्यात, अत्यंत असाधारण परिस्थिती वगळता नुसते शब्द हा पुरेसा प्रक्षोभ नव्हे, असे ठरविले. १९५७ च्या मनुष्यवधविषयक कायद्याने ते बंधन सैल करून बोललेल्या गोष्टींनाही विचारात घेतले. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादात ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ ही कसोटी होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही ती कायम आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध विवरण मुंबईतील एका खटल्यातून निघाले. नौदल अधिकारी नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी केलेल्या हत्येच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या नोव्हेंबरात निकाल दिला. आरोपी ज्या समाजवर्गातील आहे त्या वर्गातील समंजस मनुष्याचा, त्याच परिस्थितीत, आत्मसंयम सुटला असता काय, हे पाहावे. विशिष्ट परिस्थितीत शब्द व हावभाव यांनीही असा प्रक्षोभ होऊ शकतो. परंतु घातक कृत्य त्या आवेगातच घडलेले असले पाहिजे, आवेग शमण्यास वेळ मिळाल्यानंतर नव्हे, असे त्यात म्हटले आहे. नानावटींच्या बाबतीत सुमारे तीन तासांचा अवधी गेला होता. बचाव फेटाळला गेला.

हा नियम हत्येसंबंधी आहे आणि छातीवरील धडक ही हत्या नव्हे, हे सांगावयास नको. पण कसोटी म्हणून तो उद्बोधक आहे. आकस्मिकता झिदानच्या पक्षी जमेस धरावी लागेल. वळण्यापूर्वीची ती काही पावले म्हणजे थंड विचाराचा अवधी असे म्हणणे ओढूनताणून होईल. अडचण आहे ती ‘वर्गा’ची. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या वर्गात शिवीगाळ ही नवलाईची गोष्ट नाही. आई-बहिणीवरून उच्चारलेली शिवी ऐकून ज्याचा संयम सुटतो, तो त्या वर्गातील समंजस मनुष्य म्हणता येईल काय? शिवाय स्वभावातील तापटपणा ही कसोटी खाली ओढू शकत नाही. झिदानला १९९८ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाच्या खेळाडूला तुडविल्याबद्दल, आणि २००० साली युव्हेंटसकडून हॅम्बुर्गविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्ध्याला डोक्याने मारल्याबद्दल, मैदानाबाहेर काढण्यात आले होते. ज्याला आपल्या क्रोधाची ओळख पूर्वीच पटली आहे, त्याच्यावर त्याला आवर घालण्याची जबाबदारी अधिकच येते.

खेळाच्या नियमांनी हा सर्व ऊहापोह मैदानावर तरी टाळला आहे. नियम १२ प्रमाणे हिंसक वर्तनाला हकालपट्टी हीच शिक्षा आहे. प्रक्षोभाचा अपवाद त्यात नाही. त्याच नियमात अपमानास्पद किंवा शिवराळ भाषेलाही हकालपट्टीच सांगितली आहे. म्हणजे कागदोपत्री शब्द आणि प्रहार समान आहेत. व्यवहारात मात्र प्रहार दिसतो आणि शब्द ऐकू येत नाही. ऐंशी हजारांच्या कोलाहलात, बहुधा तिसऱ्याच भाषेत, कानाशी पुटपुटलेली शिवी पंचाला कळणार कशी? परिणामी नियम जितका कठोर, तितका प्रक्षोभकाचा लाभ मोठा. प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम खेळाडू एका वाक्याच्या मोलाने मैदानाबाहेर जात असेल, तर ते वाक्य उच्चारण्याचा मोह वाढणारच. ‘व्यावसायिकाने संयम राखलाच पाहिजे’ हे नेहमीचे उत्तर या ठिकाणी अपुरे पडते. एखाद्याकडून प्रतिकाराचा त्याग मागणाऱ्या संस्थेवर त्याची दाद घेण्याचे बंधन येते. राज्यसंस्थेच्या बाबतीत जे मान्य आहे, ते क्रीडासंस्थेच्या बाबतीत अमान्य करण्याचे कारण नाही. नाहीतर संयमाचा उपदेश हा अपमान मुकाट्याने गिळण्याचा आदेश ठरतो.

या दृष्टीने फिफाच्या शिस्तपालन समितीचा २० जुलै २००६ चा निर्णय पाहण्यासारखा आहे. झिदानला तीन सामन्यांची बंदी व ७,५०० स्विस फ्रँकचा दंड झाला. मातेराझीला दोन सामन्यांची बंदी व ५,००० स्विस फ्रँकचा दंड झाला. झिदान निवृत्त झालेला असल्याने बंदीऐवजी त्याने तीन दिवस मुलांसाठी समाजकार्य करावे असे ठरले. उद्गार बदनामीकारक होते, पण वंशद्वेषाचे नव्हते, असे दोघांनीही सांगितले होते. नारदाच्या क्रमाच्या हे उलट आहे, कारण अधिक दंड दुसऱ्याला झाला; परंतु दंड दोघांनाही झाला, हेच त्या निर्णयाचे मर्म होय. शब्दाला येथे प्रहाराची सबब म्हणून नव्हे, तर स्वतंत्र अपराध म्हणून मोजले गेले. सामन्याचा निकाल अर्थातच बदलला नाही. जो लाभ मैदानावर पदरात पडला तो कोणत्याही समितीला परत घेता येत नाही.

अपमान प्रेक्षकाकडून झाला असता तरी निराळा न्याय लागत नाही. २५ जानेवारी १९९५ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँतोनाने, लाल कार्ड मिळून बाहेर पडताना, शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर उडी घेऊन लाथ मारली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला ३० सप्टेंबरपर्यंत खेळण्यास मनाई करून १०,००० पौंडांचा दंड केला. न्यायालयाने दिलेली दोन आठवड्यांची कैद अपिलात १२० तासांच्या समाजसेवेवर आली. त्या प्रेक्षकासही पुढे धमकीच्या भाषेबद्दल दोषी ठरविण्यात आले.

याहून बोधप्रद आहे ते ज्यात प्रहार घडलाच नाही असे प्रकरण. ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ याने मँचेस्टर युनायटेडचा पात्रीस एव्हरा याला त्याच्या वर्णावरून हिणविले. एव्हराने हात उगारला नाही, तक्रार केली. चौकशीअंती सुआरेझला आठ सामन्यांची बंदी व ४०,००० पौंडांचा दंड झाला. गंमत अशी की, त्या बाचाबाचीत पहिली शिवी एव्हराच्याच तोंडून गेली होती, आणि तीही बहिणीचा उल्लेख असलेली स्पॅनिश शिवी होती. तिने सुआरेझच्या शब्दांचे निराकरण होत नाही असेच मंडळाने मानले. झिदानच्या धडकेला तीन सामने आणि या शब्दांना आठ: दोन्ही संस्था निराळ्या आणि नियमही निराळे, हे खरे, तरी देहावरील घाव हा शब्दाच्या घावाहून सदैव गंभीर असतो, ही समजूत क्रीडासंस्थांनी सोडून दिली आहे, एवढे यावरून निश्चित दिसते.

मात्र तक्रारीचा मार्ग संथ आहे. समोरासमोर दोघेच असता साक्षीपुराव्याचा प्रश्न उरतो, आणि अपमान हजारो कंठांतून येतो तेव्हा दाद मागायची कोणाविरुद्ध, हा प्रश्न उभा राहतो. २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सिया येथे रिअल माद्रिदचा विनिसियस ज्युनियर प्रेक्षकांच्या वंशद्वेषी आरोळ्या सहन करीत खेळला आणि शेवटी झटापटीत प्रतिस्पर्ध्याला हात लागल्याबद्दल मैदानाबाहेर गेला. ते लाल कार्ड पुढे रद्द झाले. पण कारण प्रक्षोभ हे नव्हते. तत्पूर्वी त्याची मान आवळली गेली होती, तो भाग पंचांना चित्रफितीत दाखविला गेला नव्हता, हे कारण होते. आरोळ्यांचा हिशेब वेगळा झाला: जून २०२४ मध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची कैद सुनावण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात बँकॉक येथील फिफाच्या अधिवेशनात, वंशद्वेषी अपमान झालेल्या खेळाडूने दोन्ही मनगटे एकमेकांवर आडवी धरून पंचाला खूण करावी, आणि पंचाने सामना प्रथम थांबवावा, नंतर स्थगित करावा व अखेरीस रद्द करावा, ही पद्धत मान्य झाली. ती वंशद्वेषापुरती आहे. झिदानला बर्लिनमध्ये जे ऐकावे लागले, त्यासाठी पंचाला करावयाची अशी कोणतीही खूण नियमात ठरविलेली नाही.