सुरमा जितका बारीक...

घरात बाळ जन्मले की सुरमादाणी बाहेर निघते. नानी-दादी सुरमा चिमटीत घेऊन चोळून पाहतात. कण लागला नाही की म्हणतात, "अस्सल आहे!" आपणही तसेच मानत आलो. पण बारीकपणा एवढेच सांगतो की दगड चांगला खलला गेला आहे. तो दगड कोणता, हे बोटांना कळत नाही.

हदीसमध्ये 'इस्मद' सुरम्याचा उल्लेख आहे. इस्मद म्हणजे अँटिमनीचे खनिज, असे सहसा मानले जाते. बाजारातला बराच सुरमा मात्र गॅलेना या खनिजाचा, म्हणजे शिसे आणि गंधक यांच्या संयुगाचा निघतो. दोन्ही दगड काळसर आणि चमकदार. दळल्यावर फरक ओळखणे कठीण.

सुरमा खलात दिवसेंदिवस घोटतात, कारण जाड कण डोळ्याला ओरखडा पाडतो. ही काळजी योग्यच. पण बारीकपणाची दुसरी बाजूही आहे. खडीसाखर तोंडात बराच वेळ राहते, पिठीसाखर क्षणात विरघळते. साखर तीच, पण कण लहान झाले की पृष्ठभाग वाढतो. एक मिलिमीटरचा चौकोनी खडा 0.01 मिलिमीटरच्या कणांत फोडला, तर 10 लाख कण होतात आणि पृष्ठभाग 100 पट होतो. शिशाच्या पुडीचेही तसेच. पूड जितकी बारीक, तितके पोटातल्या आम्लात शिसे लवकर विरघळते.

डोळ्यांतला सुरमा पोटात जातो कसा? अश्रूंबरोबर नाकातून घशात उतरतो. शिवाय बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिशामुळे रक्त कमी होते, पोट दुखते, मेंदूची वाढ खुंटते. मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग सुन्नत सोडायची का? तसे नव्हे. इस्मदच्या नावाने विकली जाणारी प्रत्येक पूड इस्मद नसते, एवढे ध्यानात ठेवावे. प्रयोगशाळेत तपासलेला नसेल तो सुरमा वापरू नये. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बहिणींना तर मुळीच लावू नये. घरात मुलांना बरीच वर्षे सुरमा लावत असाल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घ्यावे.

लेकरू ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळताना नानीच्या चिमटीवर विसंबून चालणार नाही.