फॉरवर्ड करण्याआधी कालाम सुत्त आठवा : तरुण मतदार आणि डिजिटल साक्षरता

पारोळा : १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार भरला होता. तिथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. टोळी नव्हतीच. होती ती मोबाइलवर फिरणारी अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

खानदेशातली ही घटना आपण विसरता कामा नये. जी अफवा माणसाचा जीव घेते, ती मतही हिरावून घेते.

उदाहरण पाहा. निवडणूक आली की एक मेसेज फिरतो : "यादीत नाव नसेल तरी आधार कार्ड दाखवा आणि चॅलेंज व्होट करा." हे साफ खोटे आहे. यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही. 'चॅलेंज' म्हणजे मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या प्रतिनिधीने दोन रुपये भरून घेतलेला आक्षेप. 'टेंडर' मत वेगळे : आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकले असेल, तर आपल्याला मतपत्रिकेवर मत देता येते. या मेसेजवर विसंबून जो तरुण यादी तपासत नाही, तो केंद्रावरून रिकाम्या हाताने परततो.

दुसरा धोका वेळेचा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, मोबाइल मात्र चालूच असतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री विरोधी पक्षाच्या नेत्यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या. त्यांतील काही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या असाव्यात, असे पडताळणी करणाऱ्यांना आढळले. पण सकाळी मतदान असताना खुलासा किती जणांपर्यंत पोहोचणार?

त्यात रील्सची भर. ज्या व्हिडिओवर आपण थांबतो, तसेच आणखी व्हिडिओ समोर येतात. काही दिवसांत वाटू लागते, सगळे जग असाच विचार करते.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका; स्वतः तपासा. 'सगळ्यांना पाठवा' म्हणणाऱ्या मेसेजलाही हाच नियम लावा.

काय करावे?

१. 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' अशी खूण दिसली की थांबा. मूळ बातमी, तारीख आणि ठिकाण शोधा.
२. मतदानाबद्दलची शंका १९५० या क्रमांकावर विचारा. यादीतील नाव वेळेत तपासा. नसेल तर नमुना ६ भरा.
३. आचारसंहितेचा भंग दिसल्यास फॉरवर्ड न करता सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करा.
४. आपल्या बाजूचा मेसेजही तपासा. खोटे आपल्या फायद्याचे असले तरी खोटेच.

पारोळा तालुक्यातील विहारांत रविवारच्या वंदनेनंतर तासभर हेच काम करता येईल. शिकलेल्या मुलांनी मोबाइल घेऊन बसावे, वस्तीतल्या आई-बाबांची नावे तपासावीत, फिरणारे मेसेज एकत्र पडताळावेत.

मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण असलेल्या मोजक्यांपुरताच होता, तेव्हा बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर आपल्या माणसांच्या मताधिकारासाठी बाजू मांडली. ते मत एका खोट्या क्लिपच्या हवाली करायचे की स्वतःच्या विवेकाने द्यायचे, हे आपल्याच बोटावर आहे.

जय भीम!