फाइलवरचं नाव

आटपाडीच्या स्टँडवरून सांगलीची पहिली गाडी धरायची, तर घरातून अंधारातच निघावं लागतं. तीन वर्षं आम्ही मायलेकी तशा निघायचो. शेजारणीनं विचारलं की मी सांगायची, ‘डोळे दाखवायला चाललोय.’ वेड्याच्या डॉक्टरकडं म्हटलं, की पोरीच्या लग्नाचं संपलंच ना!

घडीत संताप, घडीत गळ्यात पडून रडणं, ‘आई, तू मला सोडून जाशील’ ही कायमची भीती आणि मनगटावरचे वण. खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवसही बोलून झाला. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. खरं सांगते, मला हायसं वाटलं. दुखण्याला नाव तरी मिळालं!

पण ते नाव आमच्याआधी दुसऱ्या दवाखान्यांत पोचायला लागलं. एका रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ड्यूटीवरच्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘अशा मुली लक्ष वेधायला करतात हो.’ दोन तास बाकड्यावर! सोनोग्राफीत मूतखडा निघाला, तेव्हा मात्र सगळे गप्प. येताना लेक म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी फाइल आणू नकोस.’

‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा शब्दच बघा. ताप आला तर माणूस चांगलाच राहतो. इथं माणूसच बिघडलाय म्हटल्यासारखं. आणि बरे होत नाहीत म्हणणारेही चुकीचेच. या आजारावरची डीबीटी ही उपचारपद्धती शोधणाऱ्या अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते मात्र 2011 मध्ये. एवढ्या मोठ्या बाईलाही इतकी वर्षं लागली, मग माझ्या लेकीचं काय!

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, 2018 पासून लागू. मनाच्या रुग्णाला शरीराच्या रुग्णाइतकीच वागणूक द्यायची, असं त्यात लिहिलंय. बाकड्यावर बसले होते तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. ‘टेलि-मानस’चा 14416 हा फुकटचा नंबरही नंतर कळला.

फाइल मी अजून नेते. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते लपवून कसं चालेल? फक्त आता आधी पोटाचं सांगते, मग फाइल काढते. परवा शेजारीण म्हणाली, ‘अजून डोळे बरे नाहीत का पोरीचे?’ म्हटलं, ‘डोळे चांगलेत. मनाचं औषध चालू आहे.’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, ‘डॉक्टर कुठं बसतात म्हणालीस?’