हाड जुळवणाऱ्या चुंबकीय लहरी : किती खऱ्या, किती खोट्या?

हाड मोडले की प्लॅस्टर घालायचे आणि काही आठवडे कळ काढायची, हे सर्वांना ठाऊक असते. बहुतेकांचे हाड तसे जुळतेही. पण काहींचे, विशेषतः नडगीचे हाड, महिने उलटले तरी सांधत नाही. अशा रुग्णाला कधी कधी चुंबकीय लहरींचे यंत्र सुचवले जाते. त्यात तथ्य किती?

मुळात हाडातच वीज निर्माण होते. कोरड्या हाडावर दाब दिला की त्यात सूक्ष्म विद्युतभार तयार होतो, हे जपानच्या इइची फुकाडा आणि इवाओ यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवले. जिवंत, ओल्या हाडात ही वीज मुख्यतः बारीक पोकळ्यांतून सरकणाऱ्या क्षारयुक्त द्रवामुळे तयार होते, हे पुढे लक्षात आले. चालताना हाडावर भार पडतो, द्रव हलतो आणि पेशींना इशारा मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे झिजतात, कारण भारच थांबतो.

हाच इशारा बाहेरून देता येईल का? अमेरिकेतील अँड्र्यू बॅसेट आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तसा प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅस्टरवर तारेचे वेटोळे बसवून त्यातून विजेचे ठोके सोडले की चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि हाडात क्षीण विद्युतक्षेत्र उमटते. प्रयोगशाळेत अशा क्षेत्रात हाड बांधणाऱ्या पेशींमधील कॅल्शियमची हालचाल बदलते आणि वाढीला चालना देणारी प्रथिने अधिक तयार होतात, असे आढळले आहे. न जुळणाऱ्या हाडांसाठी या उपचाराला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली.

मात्र पेशींत दिसते ते रुग्णांत तितके ठळक दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत चालू यंत्र लावलेल्या ९ पैकी ५ जणांचे हाड जुळले. नकली यंत्र लावलेल्या ७ पैकीही ५ जणांचे जुळले! दोन्ही गटांना पाय पूर्ण प्लॅस्टरमध्ये ठेवून विश्रांती दिली होती. पुढच्या काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत नाही. म्हणून हा उपचार निवडक रुग्णांसाठी, मुख्य उपचाराच्या जोडीला आहे, सरसकट नव्हे.

बाजारातील चुंबकीय कडी आणि पट्टे यांचा या उपचाराशी संबंध नाही. त्यांचे क्षेत्र स्थिर असते, त्यात ठोके नसतात. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे यंत्र वापरू नये.

हाड जुळत नसेल तर आधी कारण शोधावे. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, जंतुसंसर्ग, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा हलत राहिलेले हाड यांपैकी काही असेल, तर ते दूर न करता लावलेले यंत्र फारसे काही साधणार नाही.