नॉर्माच्या मापाची बाई

1945 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात ‘प्लेन डीलर’ या दैनिकाने एक स्पर्धा जाहीर केली. तिथल्या आरोग्य संग्रहालयाने नुकताच एक पांढरा पुतळा विकत घेतला होता. त्याचं नाव नॉर्मा. डॉ. रॉबर्ट डिकिन्सन आणि शिल्पकार एब्राम बेल्स्की यांनी हजारो तरुण गोऱ्या अमेरिकन मुलींच्या मापांची सरासरी काढून तो घडवला होता. जिचं अंग या पुतळ्याच्या मापांशी जुळेल ती विजेती, अशी अट होती. मापं नऊ होती: उंची, वजन, छाती, कंबर, नितंब, मांडी, पोटरी, घोटा आणि पाऊल.

3,864 जणींनी आपली मापं पाठवली. नवांपैकी निदान पाच मापं जुळलेल्या चाळीसही निघाल्या नाहीत. नऊच्या नऊ जुळलेली तर एकही नव्हती. शेवटी त्यातल्या त्यात जवळ आलेल्या, एका थिएटरात तिकिटं विकणाऱ्या 23 वर्षांच्या मुलीला बक्षीस देऊन आयोजक मोकळे झाले.

प्रसिद्धीचा उपक्रम म्हणून ही कल्पना मोठी नामी होती. संग्रहालयात गर्दी झाली, दैनिकाला दिवसेंदिवस पुरेल असा मजकूर मिळाला, आणि डॉक्टरांपासून धर्मगुरूंपर्यंत सगळ्यांना बोलायला विषय मिळाला. पण निकाल हातात आल्यावर, पुतळ्यातच काही चुकलं असेल का, हे फारसं कुणी विचारलं नाही. उलट, शहरातल्या बायकांचीच तब्येत आणि बांधा बिघडलाय, असं म्हणणारे निघाले. जनसंपर्काचं काम करणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. संशोधनातला एक आकडा उचलायचा, त्याला चेहरा आणि नाव द्यायचं आणि लोकांना त्याच्याशी ताडून बघायला लावायचं, हे आजही रोज चाललेलं असतं.

नॉर्माची मापं आली होती मुख्यतः कपड्यांसाठी झालेल्या एका पाहणीतून. तयार कपड्यांचा, त्यातही टपालाने कपडे विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता आणि माप बसलं नाही म्हणून परत येणाऱ्या मालाने व्यापारी हैराण होते. प्रत्येक कंपनीचा ‘सोळा नंबर’ वेगळा. म्हणून अमेरिकी कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने 1939-40 मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली 14,698 बायकांची मापं घेतली. प्रत्येकीची 59. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेचा पैसा या कामाला मिळाला होता.

मापं काळजीपूर्वक घेतली गेली, पण कुणाची घेतली, तिथे घोळ होता. बायका आपणहून आल्या होत्या. भाग घेणाऱ्यांना थोडे पैसे मिळत, त्यामुळे गरज असलेल्यांचा भरणा अधिक. तरुणींचं प्रमाणही जास्त. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं घेतली, पण हिशेबात धरली नाहीत. गाळणी होता होता विश्लेषणाला 10,042 जणी उरल्या. नमुना मोठा म्हणजे तो सगळ्यांचा प्रतिनिधी, हा समज इतका पक्का आहे की पाच आकडी संख्या दिसली की आपण पुढचा प्रश्न विचारतच नाही.

तरी या पाहणीतून एक मोलाची गोष्ट हाती लागली. उभी मापं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात: उंच बाईचा हात लांब, पायही लांब. आडवी मापंही आपापसात जुळतात. पण उभ्याचं आडव्याशी नातं सैल असतं. छाती किती हे कळल्याने उंचीचा फारसा अंदाज येत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. ‘छाती 36’ म्हणून दोघींचे ब्लाउज एकाच कटिंगवर बेतले, तर एकीच्या खांद्यावरून गळा उतरतो आणि दुसरीला मुंढ्यात काचतं. म्हणून ती प्रत्येकीचा खांदा, मुंढा, पुढची उंची वेगळी लिहून घेते आणि वर शिवणीत इंचभर माया सोडते. कारखान्यात तयार होणाऱ्या कपड्याला ही चैन परवडत नाही. तिथे एकदोन मापांवरून बाकीची सगळी ताडायची असतात.

आकडेमोड सांगत होती की त्यासाठी सगळ्यात उपयोगी जोडी उंची आणि वजनाची. पण दुकानात काटा कोण ठेवणार आणि वजन कोण सांगणार? संशोधकांनाही ही अडचण दिसत होती. पुढे 1958 मध्ये जे सरकारी प्रमाण आलं, त्यात आधार धरला गेला छातीचा. ते कुणावर सक्तीचं नव्हतं. ते 1983 मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर कंपन्यांना कळून चुकलं होतं की त्याच कमरेच्या कपड्यावर लहान आकडा लावला की गिऱ्हाईक खूश होतं. आजचा अमेरिकी आठ नंबर 1958 च्या सोळाच्या आसपास जातो. बाजारपेठेचं संशोधन इथे मापशास्त्रावर मात करून गेलं.

नॉर्मा कुणालाच का सापडली नाही, याचं उत्तर या सैल नात्यात आहे. समजा, प्रत्येक मापात मधल्या एक तृतीयांश बायकांना आपण ‘सरासरी’ म्हटलं आणि मापांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असं धरलं. दोन मापांत सरासरी असणारी नवांत एक, पाचांत असणारी 243 मध्ये एक आणि नऊच्या नऊ मापांत असणारी 19,683 मध्ये एक. प्रत्यक्षात मापं इतकी सुटी नसतात, त्यामुळे शक्यता थोडी वाढते. पण चार हजारांच्या आत अशी बाई मिळालीच पाहिजे, असं समजायला काही आधार नव्हता.

1950 मध्ये अमेरिकी हवाई दलाने हाच धडा वेगळ्या वाटेने घेतला. कॉकपिट सरासरी वैमानिकासाठी बेतलं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची दहा मापं तपासली आणि मधल्या तीस टक्क्यांना ‘सरासरी’ मानलं. दहाही मापांत बसणारा वैमानिक एकही नव्हता. हवाई दलाने वैमानिकांना दोष दिला नाही, मागेपुढे सरकणाऱ्या खुर्च्या करून घेतल्या.

गंमत अशी की ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडणाऱ्या बेल्जियन शास्त्रज्ञ केतले यांनी वापरलेलं गाजलेलं उदाहरणही कपड्यांशी जोडलेलं आहे. स्कॉटलंडच्या पाच हजारांवर शिपायांच्या छातीची मापं त्यांनी मांडली, सरासरी चाळीस इंचांच्या जवळ आली. ती मापं एका लष्करी कंत्राटदाराकडून आलेली होती. कंत्राटदाराला सरासरीशी कर्तव्य नसणार. 36 ची किती, 40 ची किती, 44 ची किती, एवढंच त्याला हवं. तयार कपड्यांच्या धंद्याला आजही नेमकं तेवढंच लागतं: मापांचा पसारा किती आणि तो कमीत कमी साइजमध्ये कसा बसवायचा. साइजची संख्या वाढवली की प्रत्येक रंगात, प्रत्येक दुकानात माल वाढतो. ती कमी ठेवली की काही अंगं बाहेर राहतात. कुठली राहावीत, हे कंपनी ठरवते, आणि जाहिरातीत सांगते की हा कपडा सगळ्यांसाठी आहे.

आपल्याकडे बरीच वर्षं ब्रिटिश आणि अमेरिकी तक्त्यांत थोडंफार कमीजास्त करून काम भागवलं गेलं. म्हणून ‘निफ्ट’ या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याचा आराखडा 15 ते 65 वयाच्या 25,000 स्त्री-पुरुषांना त्रिमितीय स्कॅनरने मोजायचा. केंद्रं सहा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. स्कॅनरमध्ये काही सेकंद स्थिर उभं राहिलं की शंभरावर मापं निघतात, टेप ओढणाऱ्या हाताचा सैलपणा मध्ये येत नाही.

यंत्राने टेपची चूक टळते, नमुन्याची टळत नाही. मुंबईच्या केंद्रात कोण येतं, कॉलेजची मुलं की कॉटन ग्रीनचे माथाडी, मासळी विकणाऱ्या कोळिणी की कार्यालयातला नोकरवर्ग, यावर पश्चिम भारताचं अंग कसं दिसेल हे ठरतं. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून यंत्रात उभं राहायला साठीतली बाई सहजी तयार होत नाही. तिला तिथवर आणणं हे जनसंपर्काचं काम आहे, आणि ते पत्रकार परिषदेने होत नाही. वस्तीतली ओळखीची बाई सोबत असावी लागते, कपडे बदलायला पडदा लावलेली जागा लागते, आणि स्कॅनर ज्या वेळात चालू असतो त्या वेळात तिची दिवसभराची मजुरी बुडत नाही ना, हे आधी बघावं लागतं.