विश्लेषण : कारवीच्या रानात एकटा भटक्या उतरताना का चुकतो?

कळसूबाईची (१,६४६ मीटर) वाट विचारावी लागत नाही; लोखंडी शिड्याच वर नेतात. पण गर्दी टाळून एखादा अनवट माथा वाटेशिवाय, एकट्याने गाठण्याचा मोह अनेक भटक्यांना होतो. तिथे आडवी येते कारवी.

कारवीत दिशा का हरवते?

पश्चिम घाटातील हे झुडूप साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. ते डोक्यावर जाते आणि इतके दाट वाढते, की चार हातांपलीकडचे दिसत नाही. ढोरवाटांवर भरवसा ठेवावा, तर त्या चराईच्या जागी विरतात. जिवंत कारवी धरून चढता येते. बी धरल्यावर मात्र ती वाळते आणि आधाराची काठी मोडून हातात येते.

वर गेलेला खाली का अडकतो?

चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडेच जातात. थोडे चुकले तरी ‘वर’ एवढी खूण पुरते. उतरताना त्याच सोंडांना फाटे फुटतात. माथ्यावर पन्नास पावले चुकली, तरी खाली माणूस दुसऱ्याच दरीत पोहोचतो. त्यात सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. थोडा उतार, मग उभा कातळकडा, पुन्हा उतार. कड्याची धार कारवीने झाकलेली. अशा वेळी ओढ्याचे मोकळे पात्र सोपे वाटते, पण ते अनेकदा कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडते. पुढे जाता येत नाही आणि घसरत उतरलेला टप्पा परत चढवत नाही.

फोन किती कामाचा?

बराच. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून पायथ्यापासून मार्ग नोंदवत गेल्यास त्याच रेषेवरून परतता येते. मात्र दरीत जागा काही मीटर चुकीची दिसू शकते, म्हणून कड्याजवळ विश्वास डोळ्यांवरच. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, त्यामुळे एअरप्लेन मोड बरा.

अडकल्यास काय करावे?

आणखी खाली न जाता, सुरक्षित असेल तर ओळखीच्या शेवटच्या जागी परतावे. रेंजही ओढ्यापेक्षा सोंडेवर मिळण्याची शक्यता जास्त. तिथून ११२ क्रमांक लावावा. अंधारात चालू नये. पायथ्याच्या गावात मार्ग आणि परतीची वेळ सांगून जाणे एकट्यासाठी सर्वांत मोलाचे, कारण शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरच ठरते. भीमाशंकर, कोयना यांसारख्या अभयारण्यांत मात्र वन विभागाची परवानगी आधी लागते.