कॅसेटमध्ये सेल नव्हता, म्हणून

नव्वदच्या दशकात बीड-अंबाजोगाईसारख्या गावांतल्या घरांत टीव्हीला जोडला जाणारा 'व्हिडिओ गेम' बहुतेकदा एकाच घराण्यातला असायचा. डब्यावर नाव समुराई असो, मीडिया असो की नंतर मिताशी. आतली करामत निन्टेंडोने जुलै १९८३मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची. सोबतच्या कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं, आणि यादी खाली सरकवली की तोच मारिओ, तोच कॉन्ट्रा, तेच डक हंट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा भेटायला यायचं.

या यादीत एक अख्खा प्रकार जवळजवळ नसायचाच: आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. यात उडी मारायची चपळाई लागत नाही. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, हत्यारं विकत घेतो आणि लढायांतून हळूहळू ताकद कमावतो. १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने आणि १९८७च्या 'फायनल फँटसी'ने याच मशीनवर जपानला वेड लावलं होतं. मग हे खेळ आपल्याकडे का रुळले नाहीत? भाषा हे एक कारण झालं. दुसरं कारण कॅसेटच्या पोटात होतं.

असा खेळ संपवायला वीस-तीस तास सहज जातात, तेव्हा आजचा डाव उद्यासाठी जपून ठेवावा लागतो. 'फायनल फँटसी'च्या अस्सल कॅसेटमध्ये त्यासाठी बटणाएवढा सेल बसवलेला असे; मशीन बंद झालं तरी मेमरी त्यावर जिवंत राही. स्वस्तातल्या नकली कॅसेटमध्ये हा खर्च कोण करणार? सेलऐवजी पासवर्डही चाले, पण 'ड्रॅगन क्वेस्ट २'चा पासवर्ड ५२ अक्षरांपर्यंत जायचा, आणि तोही जपानी लिपीत! त्यात लाइटचा खेळ वेगळाच. परळीचं औष्णिक वीज केंद्र बीड जिल्ह्यातलंच, तरी २००५नंतरच्या भारनियमनात गावोगाव कित्येक तास अंधार असे. कॉन्ट्राचं काय, लाइट आली की पहिल्यापासून सुरू. आरपीजीत मात्र आठवड्याची कमाई पाण्यात.

त्यामुळे याच मशीनवरचे काही अफलातून खेळ इथल्या पोरांना कधी दिसलेच नाहीत. कॅपकॉमचा १९८९चा 'डेस्टिनी ऑफ ॲन एम्परर' घ्या. चीनच्या तीन राज्यांच्या काळातली ही कथा. सरदाराचं बळ म्हणजे त्याच्या हाताखालचे सैनिक. शंभर मारले गेले की बळ शंभराने घटलं. चालताना फौजेची रसद संपत जाते आणि धान्य आटलं की सैनिक गळू लागतात. हरलेल्या शत्रू सरदाराला मोहरा किंवा घोडा देऊन आपल्याकडे वळवताही येतं. ज्यांच्या घरी बखरी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या जातात, त्यांना हे राजकारण समजवायला नको.

त्याच वर्षीचा 'स्वीट होम' तर आणखी अवलिया. शापित वाड्यात पाच माणसं अडकतात. एकाकडे लायटर, एकीकडे औषधं, एकाकडे कॅमेरा, एकीकडे किल्ली, आणि एकीकडे चक्क व्हॅक्यूम क्लीनर, काचांचा खच साफ करायला. जो मेला तो कायमचा मेला. त्याचं काम करू शकणारी दुसरी वस्तू शोधत उरलेल्यांनी पुढे जायचं. १९९६चा गाजलेला 'रेसिडेंट एव्हिल' या खेळाच्या कल्पनेतूनच उभा राहिला. तरी मूळ खेळ जपानबाहेर अधिकृतपणे विकला गेला नाही; इंग्रजी भाषांतर केलं ते हौशी चाहत्यांनी. 'मदर'चं नशीब थोडं बरं म्हणायचं: १९८९चा हा खेळ इंग्रजीत अधिकृतपणे आला, पण २०१५ साली.

मारिओवर हात बसलेल्या माणसाने मात्र सुरुवात एसएनकेच्या १९९०च्या 'क्रिस्टॅलिस'पासून करावी. त्यात आपली पाळी येईपर्यंत थांबायचं नसतं. तलवार थेट बटणावर चालते, आणि बटण दाबून धरलं की तिच्यात वारा, आग, पाणी, वीज यांची शक्ती साठते. २०१८च्या एसएनकेच्या चाळिसाव्या वर्षाच्या संग्रहात तो पुन्हा निघाला आहे, आणि त्यात डाव हवा तिथे जपून ठेवता येतो.